जुना फ्लॅश, नवा कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने फ्लॅश मला मनापासून आवडतात. दणकट बांधणी, भरपूर प्रकाश, मेन्यूची कटकट नाही, एक डायल आणि एक बटण, बस्स. पण त्यांना नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवण्याआधी एक आकडा, ट्रिगर व्होल्टेज, माहीत असावा लागतो, आणि नेमका तोच आकडा फ्लॅशवर कुठेही छापलेला नसतो. खालचे निम्मे प्रश्न फिरून फिरून त्या आकड्यापाशीच येतात.

कपाटात वडिलांचा जुना फ्लॅश सापडला. माझ्या कॅमेऱ्यावर व्यवस्थित बसतोय. लावून बघू का?

नको, आधी मोजा. हॉट शूचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेचा, आकार कित्येक दशकं जवळपास तोच राहिला आहे, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा फ्लॅशही आजच्या कॅमेऱ्यावर खट्कन बसतो. पण आकार जुळला म्हणजे वीज जुळली असं नाही. आणि "बंद ठेवूनच बसवून बघतो" हेही नको. बटण बंद केलं तरी आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बराच वेळ भरलेले राहतात. काल चालू करून पाहिलेल्या फ्लॅशच्या पायाशी आजही व्होल्टेज असू शकतं.

हे ट्रिगर व्होल्टेज म्हणजे नेमकं काय?

फ्लॅशच्या पायाला खाली मधोमध एक धातूचा ठिपका असतो आणि कडेला धातूची पट्टी किंवा पत्र्याची छोटी जीभ असते. फ्लॅश चार्ज झाल्यावर या दोघांमध्ये जेवढं व्होल्टेज असतं ते ट्रिगर व्होल्टेज. काही जण त्याला सिंक व्होल्टेज म्हणतात.

फ्लॅशमध्ये दोन वेगवेगळे कपॅसिटर असतात. मोठा कपॅसिटर प्रकाशासाठी. तो साधारण ३०० ते ३३० व्होल्टपर्यंत भरतो. पण नळीतला झेनॉन वायू एवढ्याने पेटत नाही, त्याला आधी काही हजार व्होल्टचा टोला द्यावा लागतो. हा टोला एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून येतो आणि त्या ट्रान्सफॉर्मरला ढकलतो दुसरा, अगदी चिमुकला कपॅसिटर. जुन्या सर्किटमध्ये हा चिमुकला कपॅसिटरही दोन-तीनशे व्होल्टला भरलेला असायचा आणि तो रिकामा करायचं काम थेट कॅमेऱ्याच्या शटरमधला संपर्क करायचा. म्हणजे कॅमेरा हा त्या सर्किटमधला स्विच. स्विच उघडा असताना त्याच्या दोन टोकांवर ते सगळं व्होल्टेज ताटकळत उभं असतं.

नंतरच्या फ्लॅशमध्ये हा स्विच फ्लॅशच्याच पोटात गेला, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. कॅमेऱ्याने फक्त इशारा द्यायचा. म्हणून नव्या फ्लॅशच्या पायाशी जेमतेम काही व्होल्ट मिळतात.

मग जुन्या फिल्म कॅमेऱ्यांना काहीच कसं होत नव्हतं?

त्यांच्यात खरोखरचे दोन पत्रे एकमेकांना टेकत होते. पत्र्याला ३०० व्होल्टचं काय कौतुक! फार तर वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी संपर्क काळे पडायचे आणि फ्लॅश चुकायला लागायचा, मग कोणीतरी ते घासून द्यायचं. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी अर्धवाहक स्विच असतो, थायरिस्टर किंवा ट्रान्झिस्टर. त्याची सहनशक्ती ठरलेली असते. ती ओलांडली की तो फुटतो, तेही आवाज न करता. मग कधी फ्लॅश कायमचा गप्प होतो, कधी स्विच आतून चिकटून बसतो आणि फ्लॅश चार्ज होईल तसा आपोआप उडत राहतो. नशीब वाईट असेल तर नुकसान त्या एका स्विचपुरतं थांबत नाही, मुख्य बोर्डापर्यंत जातं.

माझ्या कॅमेऱ्याला किती व्होल्ट चालतात?

तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत शोधा, फ्लॅशच्या प्रकरणात किंवा इशाऱ्यांच्या पानावर. निकॉनच्या डीएसएलआर पुस्तिकांमध्ये २५० व्होल्टच्या वर किंवा उलट, म्हणजे ऋण, व्होल्टेज देऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फुजीफिल्मच्या पुस्तिकांमध्ये ३०० व्होल्टच्या वरचे इतर कंपन्यांचे फ्लॅश लावू नका असा इशारा असतो. कॅननच्या अगदी सुरुवातीच्या डिजिटल एसएलआरसाठी जाणकार फक्त ६ व्होल्ट धरतात, नंतरची मॉडेलं बरीच जास्त सोसतात. १९९२च्या आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्टचा आकडा आहे.

पुस्तिकेत काहीच नसेल तर? माझा नियम असा: १० व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, १० ते २४ असेल तर कॅमेरा कोणता आहे हे पाहून, आणि त्यावर असेल तर थेट लावायचाच नाही. पुस्तिकेत २५० लिहिलं आहे म्हणून २४० व्होल्टचा फ्लॅश लावणं मला पटत नाही. जुन्या सर्किटचा आकडा तापमानाने, नव्या सेलने, वयाने हलतो, आणि तुम्ही मोजलेला आकडाही पूर्ण खरा असतोच असं नाही. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

इंटरनेटवर मॉडेलनुसार व्होल्टेजच्या याद्या आहेत. त्यावर विसंबलं तर?

याद्या अंदाजासाठी ठीक, निर्णयासाठी नाहीत. तेच नाव असलेला फ्लॅश वर्षानुवर्षं बनत राहतो आणि आतलं सर्किट बदलत जातं. व्हिविटार २८३ हे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे जुने नग दोनशे-तीनशे व्होल्टच्या घरात मोजले गेले आहेत, तर नंतरचे १० व्होल्टच्या आत. बाहेरून दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात. मेट्झ ४५ सीटी-१चंही तसंच, आधीचे नग जास्त व्होल्टेजचे, नंतरचे कमी.

याउलट व्हिविटार २८५एचव्हीच्या नावातलं 'एचव्ही' म्हणजे हाय व्होल्टेज हे वाचून लोक घाबरतात. ते हाय व्होल्टेज बाहेरून जोडायच्या बॅटरी पॅकबद्दल आहे, ट्रिगरबद्दल नाही. तो बहुधा मवाळ निघतो.

ऑटोफोकसच्या काळातले मोठ्या कंपन्यांचे फ्लॅश, उदाहरणार्थ निकॉनचे एसबी-२४, एसबी-२६, एसबी-२८, साधारणपणे काही व्होल्टांचेच असतात. तरीही मोजा. एका मिनिटाचं काम आहे.

बरं, मोजायचं कसं?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. ६०० किंवा १००० व्होल्ट डीसीची रेंज लावा. "कमीच असेल" असं समजून २० व्होल्टची रेंज लावू नका.

फ्लॅशमध्ये नवे सेल घाला, फ्लॅश टेबलावर आडवा ठेवा, तोंड भिंतीकडे, तुमच्याकडे नाही. ऑटो किंवा मॅन्युअल, कुठल्याही मोडवर चालेल. चालू केल्यावर तो ओळखीचा चूंऽऽ आवाज चढत चढत बारीक होतो आणि रेडी लाइट लागतो. लगेच मोजू नका. रेडी लाइट पूर्ण चार्ज व्हायच्या आधीच लागतो. अजून अर्धा मिनिट जाऊ द्या.

आता काळा प्रोब कडेच्या धातूला आणि लाल प्रोब मधल्या ठिपक्याला. प्लॅस्टिकचा पाया असेल तर कडेची धातू सहज दिसत नाही. पाया ज्या खाचेत सरकतो तिथे आतल्या बाजूला पत्र्याची जीभ असते, टॉर्च मारून शोधा. काही फ्लॅशना हॉट शू नसतोच, फक्त वायर असते. तिथे टोकाच्या आतल्या पिनेला लाल आणि बाहेरच्या कड्याला काळा.

हात स्थिर ठेवा. प्रोबचं टोक घसरून दोन्ही धातू एकदम जोडले गेले की फ्लॅश उडतो. मीटरचं काही बिघडत नाही, पण तुम्ही दचकता आणि पाच मिनिटं डोळ्यांसमोर हिरवा डाग नाचत राहतो. बोटंही लांब ठेवा. मी एकदा पाया नीट दिसावा म्हणून फ्लॅश हातात धरला आणि अंगठा मधल्या ठिपक्यावर, तर्जनी पट्टीवर टेकली. मुंगी डसावी तसा चटका बसला आणि फ्लॅश हातातून सुटला. मीटरने नंतर २१० दाखवले. अंगठ्याने आधीच सांगितलं होतं.

आकडा काही वेळ चढत राहिला तर तो थांबेपर्यंत वाट बघा आणि सर्वात मोठा आकडा लिहून घ्या. फ्लॅशच्या बुडाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर लिहा, वहीत नाही. वही आणि फ्लॅश वेगवेगळ्या कपाटांत जातात.

मीटर ९४ व्होल्ट दाखवतो. म्हणजे ९४च ना?

नाही, "निदान ९४" असं म्हणा. जुन्या फ्लॅशमध्ये ट्रिगरचा कपॅसिटर मोठ्या रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या भागातून, भरतो, तो मेगओहमच्या घरातला असू शकतो. मीटर लावला की मीटरमधूनही थोडा प्रवाह वाहतो आणि व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. समजा आत ३०० व्होल्ट आहेत आणि रेझिस्टर २.२ मेगओहमचा. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असेल तर तो सुमारे २४६ दाखवेल. मीटर स्वस्तातला, १ मेगओहमचा असेल तर तोच फ्लॅश फक्त ९४ दाखवेल! काट्याचे जुने मीटर तर याहूनही खोटं बोलू शकतात.

म्हणून मीटरच्या कागदावर इनपुट रोध १० मेगओहम लिहिला आहे का ते पाहा. आणि आकडा मर्यादेच्या जवळपास घोटाळत असेल तर तो मर्यादेबाहेर आहे असंच धरा. ५-६ व्होल्ट दाखवणाऱ्या फ्लॅशबाबत मात्र एवढी काळजी करायचं कारण नाही. चांगल्या मीटरवर ६ दिसत असतील तर खरे २०० निघणार नाहीत.

आकड्याआधी उणे चिन्ह येतंय.

प्रोब उलटे लागले असतील, तपासा. लाल खरोखर मधल्या ठिपक्यालाच असेल आणि तरीही उणे असेल, तर फ्लॅशची ध्रुवता उलटी आहे. आकडा कितीही लहान असो, तो कॅमेऱ्यावर लावू नका.

माझा मित्र दोन वर्षं २०० व्होल्टचा फ्लॅश लावतोय, त्याला काही झालेलं नाही.

त्याचा कॅमेरा २५० सोसणारा असेल. किंवा त्याने मोजलेलेच नसतील. शिवाय अर्धवाहक स्विच दर वेळी पहिल्याच झटक्यात मरतो असं नाही, थोडा थोडा खराब होत जाऊ शकतो. मित्राच्या नशिबावर आपला कॅमेरा चालत नाही.

माझ्या फ्लॅशचा आकडा २४० आला. टाकून देऊ?

अजिबात नाही! फक्त कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यातली तांब्याची वाट तोडायची. त्याचे तीन मार्ग आहेत.

मला सर्वात आवडतो तो रेडिओ ट्रिगर. प्रेषक (ट्रान्समीटर) कॅमेऱ्यावर, ग्राहक (रिसीव्हर) फ्लॅशखाली. मध्ये फक्त लहरी, त्यामुळे फ्लॅशचं व्होल्टेज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही. पण ते ग्राहकापर्यंत पोहोचतं हे विसरू नका. ग्राहकाची स्वतःची मर्यादा असते, काहींची ३०० व्होल्ट, काहींची त्याहून बरीच कमी. खोक्यावर किंवा पत्रकात ती लिहिलेली असते. आणि एक सापळा: काही प्रेषकांच्या डोक्यावर आणखी एक हॉट शू असतो, तिथे लावलेला फ्लॅश सरळ कॅमेऱ्याला जोडला जातो. जुना फ्लॅश तिथे बसवणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे.

दुसरा मार्ग ऑप्टिकल स्लेव्ह. शेंगदाण्याएवढा डोळा फ्लॅशला जोडायचा, दुसरा कुठलाही फ्लॅश उडाला की हा उडतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश इशाऱ्यासाठी पुरतो, पण तो मॅन्युअलवर ठेवा. टीटीएलमध्ये, म्हणजे कॅमेरा लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद स्वतः ठरवतो त्या मोडमध्ये, तो खऱ्या फोटोच्या आधी एक चाचणीचा लखलखाट करतो आणि तुमचा जुना फ्लॅश त्यालाच फसून आधीच उडून मोकळा होतो. फोटो काळा येतो आणि डोळ्यांना मात्र फ्लॅश उडालेला दिसतो. या कोड्यात अनेकांच्या अख्ख्या संध्याकाळी गेल्या आहेत. उन्हात स्लेव्हचा भरवसा नाही, घरात उत्तम.

तिसरा मार्ग म्हणजे मध्ये बसवायचा व्होल्टेज उतरवणारा तुकडा. वाइन कंपनीचा सेफ-सिंक हा त्यातला जुना आणि माहितीतला. तो ४०० व्होल्टपर्यंत घेतो आणि कॅमेऱ्याला ६ व्होल्टपेक्षा कमी दाखवतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच हवा असेल तर हाच पर्याय. पण त्याच्यासारखेच दिसणारे साधे ॲडॉप्टरही मिळतात, ज्यांत नुसत्या तारा असतात. लावल्यावर कॅमेऱ्याकडच्या बाजूला पुन्हा मीटर लावून बघा. तुकडा खरा असेल तर आकडा खाली आलेला दिसेल.

फ्लॅश हॉट शूवर न लावता पीसी वायरने जोडला तर सुरक्षित ना?

वायर म्हणजे वायर. ती व्होल्टेज कमी करत नाही. काही कॅमेऱ्यांमध्ये पीसी सॉकेटची मर्यादा हॉट शूपेक्षा वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहावी. (आणि या पीसीचा संगणकाशी काही संबंध नाही. प्रोंटोर आणि कोम्पुर या दोन जुन्या शटरांच्या नावांची ती आद्याक्षरं आहेत.)

माझ्या फ्लॅशच्या पायाला एकाऐवजी चार-पाच ठिपके आहेत.

तो कुठल्यातरी एका कंपनीच्या कॅमेऱ्यांशी गप्पा मारायला बनवलेला फ्लॅश आहे. मधला ठिपका सगळ्यांचा सारखा, बाकीच्यांची भाषा ज्याची त्याची. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर लावलात तर नको त्या पिनेला नको तो सिग्नल जाईल. मधला ठिपका आणि कडेची पट्टी उघडी ठेवून बाकीचे ठिपके पातळ इन्शुलेशन टेपने झाका. टेपच्या कडा बोटाने नीट दाबा, नाहीतर पाया सरकवताना ती गोळा होऊन शूमध्येच अडकते. मोजताना मात्र सगळे ठिपके एकेक करून मोजून घ्या.

पाया सगळाच धातूचा असेल तरी हाच उपाय. तो कॅमेऱ्याच्या शूमधल्या छोट्या पिनांवर आडवा पडून त्या एकमेकींना जोडू शकतो.

फ्लॅश पंधरा-वीस वर्षं पडून आहे. चालू करू का?

आधी सेलचा कप्पा पाहा, त्याबद्दल पुढे. मोठा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो. त्याच्या आतल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर वापराविना झिजतो आणि चार्ज गळायला लागतो. म्हणून असा फ्लॅश पहिल्यांदा चार्ज व्हायला एखादं मिनिट किंवा जास्त घेतो.

त्याला सवय लावायची. सेल घालून चालू करा, रेडी लाइट लागला तरी लगेच उडवू नका, दहाएक मिनिटं तसाच राहू द्या. मग उडवा, पुन्हा चार्ज होऊ द्या, पुन्हा थांबा. तीन-चार वेळा असं केल्यावर वेळ कमी होत गेला तर थर पुन्हा जमतोय. शेवटी चार्ज असतानाच बंद करून ठेवून द्या. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटं चालू करत जा.

रेडी लाइट लागतच नसेल, सेल पटकन तापत असतील, वास येत असेल किंवा फुसफुस आवाज येत असेल, तर ताबडतोब बंद करा आणि सेल काढा. तो कपॅसिटर गेला.

सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे.

ती बुरशी नाही, गळलेल्या सेलचा क्षार आहे. अल्कलाइन सेल असतील तर कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून हलकेच पुसा. किंचित फसफसेल, तो क्षार शमतोय. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. काडी ओली असावी, टपकती नको. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने दोन हात फिरवा. हातमोजे घाला, हा क्षार त्वचेला झोंबतो.

रिचार्जेबल सेल चालतील?

१.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल बहुतेक जुन्या फ्लॅशमध्ये छान चालतात आणि अल्कलाइनपेक्षा भरभर चार्ज करतात. पण त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात, ते चुकूनही घालू नका. चार सेलच्या फ्लॅशला ६ व्होल्टच्या जागी १५च्या आसपास मिळतील आणि आतलं सर्किट जळेल.

उघडून आत थोडी साफसफाई करू?

नको. १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की त्यात सुमारे ५४ ज्यूल ऊर्जा असते. पायाशी बसलेला तो मुंगीचा डंख त्या चिमुकल्या कपॅसिटरचा होता. हा मोठा कपॅसिटर माणसाला आडवा करू शकतो, जीवही घेऊ शकतो, आणि सेल काढल्यावर कित्येक दिवसांनीही तो भरलेला सापडतो. हे काम ज्यांचा हात रोज त्यात असतो त्यांनीच करावं. पडून कवच तडकलेला आणि आतलं दिसणारा फ्लॅशही चार्ज करू नका.

जुन्या फ्लॅशचं टीटीएल डिजिटलवर चालेल?

नाही. जुनं टीटीएल फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश फोटो चालू असतानाच मोजायचं. सेन्सर फिल्मसारखा प्रकाश परतवत नाही, म्हणून कंपन्यांनी पद्धतच बदलली. आधी चाचणीचा लखलखाट, मग हिशेब, मग खरा फ्लॅश. जुन्या फ्लॅशला ही भाषा येत नाही. टीटीएलवर ठेवलात तर तो बहुधा पूर्ण ताकदीने उडेल.

पण ऑटो मोड येतो ना! त्याच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. फ्लॅशच्या अंगावर पुढच्या बाजूला एक छोटा डोळा असतो, तो समोरून परत आलेला प्रकाश मोजून फ्लॅश स्वतःच बंद करतो. कॅमेऱ्याला त्यात काही बोलायचं नसतं, म्हणून हा मोड कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतो. डायलवर आयएसओ (जुन्या डायलवर 'एएसए' लिहिलेलं असेल) लावा, डायल जे ॲपर्चर सांगेल तेच कॅमेऱ्यावर लावा, झालं. डोकं छताकडे वळवलं तरी डोळा समोरच बघत राहतो, त्यामुळे बाऊन्सचाही हिशेब तो सांभाळतो. काळे किंवा पांढरेशुभ्र कपडे समोर आले की थोडा फसतो. मग अर्धा स्टॉप इकडे-तिकडे करायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

डायल एएसए ४००पर्यंतच आहे, मला ८००वर काढायचाय.

आयएसओ दुप्पट झाला की एक स्टॉप. डायल ४००ला एफ/५.६ सांगत असेल तर ८००ला कॅमेऱ्यावर एफ/८ लावा.

मॅन्युअलवर हिशेब कसा?

गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले अंतर बरोबर ॲपर्चर. मीटरमध्ये गाइड नंबर ३६ आणि माणूस ४.५ मीटरवर, तर एफ/८, आयएसओ १००ला. जुन्या फ्लॅशवर १२० असा मोठा आकडा दिसला तर तो फुटांतला असतो, मीटरमध्ये तो ३६-३७ होतो. आणि आयएसओ ४०० केला की गाइड नंबर दुप्पट धरायचा. खरं सांगायचं तर डिजिटलवर मी एक फोटो काढतो, बघतो, आणि ॲपर्चर हलवतो.

फोटोचा खालचा भाग काळा येतोय.

शटर स्पीड जास्त आहे. फ्लॅश उडाला तेव्हा शटरचा पडदा अर्ध्यात होता. जुना फ्लॅश कॅमेऱ्याला आपण असल्याचं सांगत नाही, त्यामुळे कॅमेराही तुम्हाला अडवत नाही. १/१२५ला या, रेडिओ ट्रिगरवर तर नक्कीच.

मिररलेसवर फ्लॅश उडतच नाही, आणि व्ह्यूफाइंडरही काळा दिसतो.

इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल लावा, बहुतेक कॅमेरे सायलेंटमध्ये फ्लॅशला इशाराच देत नाहीत. काळ्या व्ह्यूफाइंडरचं कारण वेगळं आहे. मॅन्युअल एक्स्पोजर फ्लॅशसाठी लावलेलं असतं आणि कॅमेरा तेच फ्लॅशशिवाय दाखवत असतो. मेन्यूत एक्स्पोजरचा परिणाम दाखवणारी सेटिंग बंद करा.

पहिला फोटो छान, मग फ्लॅश उडत नाही. बंद-चालू केला की पुन्हा एकदा उडतो.

थायरिस्टरचा स्वभाव आहे हा. तो एकदा चालू झाला की त्यातून वाहणारा प्रवाह अगदी क्षीण होईपर्यंत बंद होत नाही. काही फ्लॅश ट्रिगरच्या वाटेने थोडा प्रवाह सतत सोडत राहतात, त्यामुळे स्लेव्हमधला किंवा ट्रिगरमधला थायरिस्टर सुटतच नाही. फ्लॅश बिघडलेला नाही, जोडी जमलेली नाही. दुसरा ट्रिगर लावून बघा.

भराभर किती वेळा मारू शकतो?

पूर्ण ताकदीने दहा-पंधरा झाले की थांबा, तोंडाला हात लावून बघा. तोंडाचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं किंवा आतून तपकिरी डाग असलेला फ्लॅश आधीच कोणीतरी दामटलेला आहे. त्याचा प्रकाशही उबदार झालेला असतो, व्हाइट बॅलन्स करड्या कागदावर लावून घ्या.

आणि तो बल्बवाला, चकचकीत वाटीचा फ्लॅश?

तो वेगळाच प्राणी. त्याचा बल्ब पेटून प्रकाशाच्या शिखरावर पोहोचायला काही मिलिसेकंद घेतो, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांवर त्याच्यासाठी 'एम' असं वेगळं सॉकेट असायचं. डिजिटल कॅमेऱ्याला तो जोडू नका. शेल्फवर मात्र छान दिसतो, माझ्याकडे दोन आहेत.